सात मेगापिक्सेलची रोजनिशी

वेण्णाकाठ (सातारा)

मागच्या जून महिन्यात माळ्यावरची ट्रंक आवरताना सासूबाईंच्या लुगड्यांच्या घडीत एक छोटा डिजिटल कॅमेरा सापडला. माझ्या दिरांनी तो २००७ साली पुण्याहून आणला होता. तो ७.१ मेगापिक्सेलचा आहे, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यात १ जीबीचे कार्ड आहे. ठेवताना कोणीतरी आठवणीने सेल काढले होते, त्यामुळे आतले पत्रे अजून चकचकीत आहेत. नवे सेल घातले, कळ दाबली आणि लेन्स बारीक आवाज करत बाहेर आली. तेव्हापासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जिथे जाईन तिथे हाच कॅमेरा बरोबर नेते आणि प्रवासाची रोजनिशी त्याच्यावर ठेवते. दहा महिन्यांचा हा अनुभव येथे सविस्तर लिहावा आणि एक अडचणही विचारावी, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखी देखावेच टिपत होते. ठोसेघरचा धबधबा, यवतेश्वरच्या घाटातून दिसणारे शहर, अजिंक्यताऱ्यावरून दिसणारे दिवे, असे सगळे काढून झाले. चार महिन्यांनी ती छायाचित्रे पुन्हा पाहताना लक्षात आले, की देखावा मला न पाहताही आठवत होता आणि जे विसरले होते त्याचे एकही छायाचित्र नव्हते. बामणोलीला कितीच्या गाडीने गेलो, शेजारी कोण बसले होते, जेवायला काय मिळाले, परतीची गाडी चुकल्यावर कोणाच्या ओसरीवर थांबलो, यातले काहीही कॅमेऱ्यात नव्हते. मग मी क्रम उलटा केला. आता आधी विसरण्याजोग्या गोष्टी टिपते आणि देखावा शेवटी घेते.

निघताना पहिले छायाचित्र एसटीच्या तिकिटाचे असते. तिकीट तळहातावर ठेवून, खिडकीतल्या उजेडात, जवळून. याचे महत्त्व मला गेल्या महिन्यात कळले. बामणोलीच्या दुसऱ्या फेरीचे तिकीट मी वहीत जपून ठेवले होते. वही उघडली तर कागद पांढराफटक झाला होता. यंत्रातून निघणाऱ्या त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने उमटलेली अक्षरे असतात आणि ती काही महिन्यांत उडून जातात. छायाचित्रात मात्र टप्पा, भाडे, तारीख आणि वेळ अगदी स्पष्ट आहे. त्यानंतर गावाचे नाव येते. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची भिंत सर्वांत उत्तम, कारण तिच्यावर गाव, तालुका आणि जिल्हा एका ओळीत रंगवलेला असतो. मग ताट, मग ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांचे हात किंवा त्यांनी परवानगी दिली तर चेहरा, आणि घरी पोहोचल्यावर आमच्या दाराच्या कडीचे छायाचित्र. दोन टोकांना तिकीट आणि कडी असली, की मधला सगळा दिवस आपोआप एकत्र बांधला जातो. रात्री वहीत फक्त क्रमांक आणि एकेक ओळ लिहिते: «०२१७, नावाड्याने दाखवलेली जुन्या गावाची जागा, आता पाण्याखाली.» वाटेत काहीही पुसत नाही.

आता अडचण सांगते. या कार्डावर आधीची ४३ छायाचित्रे होती, क्रमांक ००५८ ते ०१००. ती सासूबाईंच्या शेवटच्या सज्जनगड वारीची आहेत. त्याच वर्षी पावसाळ्यात त्या गेल्या आणि कॅमेरा ट्रंकेत गेला. घरात कोणालाच त्या दिवसाची तारीख आठवत नाही. छायाचित्रांच्या माहितीत सगळीकडे १ जानेवारी २००७ ही तारीख आहे आणि ती चूक आहे हे नक्की, कारण त्या दिवशी कॅमेरा घरात आलाच नव्हता. खरी तारीख काढता येईल का?

पायवाट (कराड)

ताई, लेख मनापासून आवडला. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. तुम्ही सांगितलेली सगळी कामे आजचा साधा फोनही करतो आणि अधिक चांगली करतो. फोन वेळ स्वतःहून बरोबर ठेवतो, ठिकाणाची नोंद घेतो, छायाचित्राची दुसरी प्रत आपोआप दूर कुठेतरी जपून ठेवतो. शाळेच्या भिंतीचे छायाचित्र काढण्याची गरजच उरत नाही. सासूबाईंच्या छायाचित्रांची तारीख हरवली, ती जुन्या कॅमेऱ्याच्या याच उणिवेमुळे हरवली. मग रोजनिशीसारख्या जपून ठेवण्याच्या गोष्टीसाठी कमी भरवशाचे साधन का निवडावे? शिवाय हे कॅमेरे आता दुरुस्त करणारेही फार उरलेले नाहीत. मी स्वतः वासोटा किल्ल्यावर जाताना वजन कमी ठेवण्यासाठी पाण्याची बाटलीसुद्धा विचार करून घेतो, तिथे आणखी एक यंत्र कशाला, असा माझा प्रश्न आहे.

वेण्णाकाठ (सातारा)

पायवाट, तुमची शंका रास्त आहे आणि फोनला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. वेळ आणि ठिकाण या दोन बाबतींत फोन पुढे आहे, हे मी मान्य करते.

माझ्या फोनमध्ये आज सहा हजारांहून अधिक चित्रे आहेत. त्यांत विजेची बिले आहेत, नातीच्या शाळेच्या सूचना आहेत, सकाळच्या शुभेच्छा आहेत, किराणा दुकानदाराला पाठवलेल्या यादीचे चित्र आहे. त्यांच्यामध्ये पाटेश्वरची सहल कुठेतरी आहे. पण ती शोधायला बसले की दुसऱ्याच कशात तरी अडकते. कॅमेऱ्यात प्रवासाखेरीज दुसरे काही नाही. कार्ड लावले की पहिल्या तिकिटापासून शेवटच्या कडीपर्यंत फक्त प्रवासच दिसतो. १ जीबीच्या कार्डावर जेमतेम तीनशे छायाचित्रे मावतात, त्यामुळे कळ दाबण्याआधी क्षणभर थांबून हे कशासाठी टिपायचे आहे असे मनाला विचारले जाते. रात्री वहीत लिहिण्याचे कामही त्यामुळेच आटोक्यात राहते. दिवसाची पंचवीस छायाचित्रे असतील तर पंचवीस ओळी लिहून होतात, दोनशे असतील तर एकही लिहून होत नाही.

आणखी एक अनुभव सांगते. फोन समोर धरला की माणसे सावध होतात, कारण तो फोटो कुठे जाईल हे त्यांना ठाऊक नसते. लिंबच्या वाटेवर शेंगा फोडत बसलेल्या एका आजींनी मात्र हा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, «बाय, ह्यातला फोटू कागदावर निघतो का?» निघतो म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला, सुपातल्या शेंगा एका बाजूला ओढल्या आणि ताठ बसल्या. पुढच्या फेरीत मी त्यांना चार बाय सहा इंचांची प्रत नेऊन दिली. त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारच्या आरशाच्या चौकटीत खोचली, तीही मी टिपली. क्रमांक ०२९०.

संधिप्रकाश (सातारा)

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीत माझी तीस वर्षे गेली आहेत, म्हणून तांत्रिक बाजू थोडी विस्ताराने लिहितो.

या पिढीतील बहुतेक खिशातल्या कॅमेऱ्यांत सीसीडी जातीचा संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, असतो. त्याचा शोध १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावला आणि त्यासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सध्या तरुण मंडळींत असा समज पसरला आहे, की सीसीडीमुळे रंग जादूसारखे येतात आणि म्हणून हे कॅमेरे दुप्पट-तिप्पट किमतीला विकले जात आहेत. हा समज पूर्ण खरा नाही. छायाचित्राचे रंग संवेदकावरील रंगगाळण्यांवर आणि कंपनीने आत बसवलेल्या प्रक्रियेवर अधिक अवलंबून असतात. आजचा फोन एका क्षणात अनेक छायाचित्रे घेऊन ती एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळतो आणि आकाशही सावरतो. जुना कॅमेरा एकच छायाचित्र घेतो आणि अंधार असेल तर अंधारच दाखवतो. तिन्हीसांजेची ओसरी तुम्हांला जशी दिसली तशी हवी असेल तर हा फरक कामाचा आहे; पण त्यासाठी कोणी दहा हजार रुपये मागितले तर देऊ नयेत. घरातल्या किंवा नातेवाइकांच्या कपाटात आधी शोधावे.

विकत घ्यायचाच असेल तर आधी कार्ड पाहावे. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मचे त्या काळातले बरेच कॅमेरे एक्सडी कार्डावर चालतात आणि सोनीचे २०१० च्या आधीचे बहुतेक कॅमेरे मेमरी स्टिकवर. ही कार्डे आता सहज मिळत नाहीत. एसडी कार्डाचा कॅमेरा सोयीचा असतो, परंतु फार जुना असेल तर तो २ जीबीपर्यंतचेच कार्ड ओळखतो. ४ जीबीपासून पुढची कार्डे एसडीएचसी किंवा त्यानंतरच्या प्रकारची असतात, ती त्याला वाचता येत नाहीत आणि लोकांना कॅमेराच बिघडला असे वाटते.

सेलविषयी सांगायचे तर साधे अल्कलाइन सेल या कॅमेऱ्यांत लवकर संपतात, कारण लेन्स हलवताना आणि फ्लॅश भरताना एकदम जास्त विद्युतप्रवाह लागतो. निकेल मेटल हायड्राइडचे पुन्हा भरता येणारे सेल घ्यावेत; त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, तरी तो शेवटपर्यंत टिकून राहतो. सेल आत राहून पांढरी पूड साचली असेल तर ती अल्कधर्मी असते. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा एखादा थेंब घेऊन पत्रे हलक्या हाताने पुसावेत, नंतर स्पिरिटने कोरडे करावेत. गळती आतल्या सर्किटच्या पट्टीपर्यंत गेली असेल तर मात्र हात लावू नये.

वेण्णाकाठताई, तुमचा कॅमेरा कोणत्याही प्रकारे उघडू नका. फ्लॅशच्या संधारकात (कपॅसिटरमध्ये) सेल काढल्यानंतरही काही काळ तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. तारखेच्या प्रश्नावर हरिपूरकर काकांनी लिहावे अशी विनंती करतो. या विषयात त्यांचा हात धरणारा मला ठाऊक नाही.

हरिपूरकर (सांगली)

संधिप्रकाश यांनी आठवण काढली म्हणून लिहितो. ताई, तुमची तारीख हरवलेली नाही, ती फक्त सरकलेली आहे.

अशा कॅमेऱ्यांच्या पोटात घड्याळ चालवण्यासाठी नाण्याच्या आकाराची एक छोटी बॅटरी किंवा तेवढ्याच कामाचा एखादा साठवणीचा भाग असतो. तो रिकामा झाला आणि मोठे सेलही काढले, की घड्याळ कारखान्यात ठरवलेल्या पहिल्या दिवसावर जाते. तुमच्याकडे तो दिवस १ जानेवारी २००७ हा असणार. सेल घालून कोणीतरी तारखेचा पडदा तसाच पुढे ढकलला आणि घड्याळ तिथून चालू लागले. पुढे ते बरोबर चालले आहे. म्हणजे दोन छायाचित्रांमधले अंतर खरे आहे आणि सगळ्यांची चूक एकसारखी आहे. ४३ पैकी एकाची खरी वेळ सापडली, की उरलेल्या ४२ सापडल्याच.

हे आपल्याला नवीन नाही. तुमच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीचेच उदाहरण घ्या. तिथल्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे. अनेक जण तोच आकडा इसवी सन म्हणून लिहितात आणि विहीर शहाजीराजांच्या काळात नेऊन ठेवतात. शके सनात ७८ मिळवले, की १७१९ ते १७२४ हा काळ येतो आणि ती बांधणाऱ्या वीरूबाई भोसले यांचे नाव साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीत बरोबर बसते. मोजणी चुकलेली नसते, फक्त आरंभ वेगळा असतो. तुमच्या कॅमेऱ्याचाही एक शक आहे असे समजा आणि त्यात किती मिळवायचे तेवढे शोधा.

त्यासाठी छायाचित्रे फोनवर पाहू नका, संगणकावर मोठी करून पाहा. ७.१ मेगापिक्सेलचे छायाचित्र ३०७२ गुणिले २३०४ बिंदूंचे असते, त्यात बारीक अक्षरेही वाचता येतात. भिंतीवरचे घड्याळ, दिनदर्शिका, वर्तमानपत्र, पावती, तिकीट, फळ्यावरची तारीख, यांपैकी काहीतरी मागे कुठेतरी आलेले असेल. उन्हाच्या सावल्याही पाहा. सूर्यास्ताचे छायाचित्र असेल तर फारच उत्तम, कारण त्या दिवसाचा सूर्यास्त पंचांगात मिनिटापर्यंत मिळतो.

यापुढच्या प्रवासासाठी एक सोपी सवय सांगतो. पहिले छायाचित्र तुम्ही तिकिटाचे घेताच, त्यावर वेळ छापलेली असते. तेच तुमचे प्रमाण. कॅमेऱ्याची वेळ आणि तिकिटाची वेळ यांतला फरक वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावा. घरी आल्यावर एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनाने सगळ्या छायाचित्रांच्या वेळा एकाच आज्ञेत सरकवता येतात; मात्र आधी प्रत काढावी आणि बदल प्रतीवरच करावा. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून साधी चित्रे म्हणून पाठवू नयेत, त्यात ही सगळी माहिती गळून जाते.

पायवाट यांनी भरवशाविषयी विचारले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णेचे पाणी चढू लागले तेव्हा माझ्याकडे असाच एक छोटा कॅमेरा होता. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेले. वीज गेली, फोन दुसऱ्या दिवशी बंद पडले. कॅमेऱ्यात मी दोन पेन्सिल सेल घातले आणि बोळातल्या एकाच पायरीचे छायाचित्र सकाळ-संध्याकाळ, आम्ही गच्चीत जाईपर्यंत, काढत राहिलो. घड्याळ अकरा मिनिटे मागे होते, ते मी आजही तसेच ठेवले आहे. पुढे पंचनाम्याच्या वेळी कोणत्या दिवशी पाणी कोणाच्या उंबऱ्याला लागले यावर बोळात वाद झाला, तेव्हा त्या चौदा छायाचित्रांनी तो मिटवला. माझा तळमजल्यावरचा संगणक त्या पाण्यात गेला आणि त्यातली आठ वर्षांची छायाचित्रेही गेली. बहिणीकडे कराडला दिलेल्या कागदी प्रती तेवढ्या उरल्या. म्हणून एक प्रत नेहमी दुसऱ्या गावी ठेवतो.

पायवाट (कराड)

काका, पुराच्या नोंदीचा विचार मी केला नव्हता. फोन बंद पडण्याची शक्यता धरली तर वेगळे साधन असण्याला अर्थ आहे, हे पटले. वासोट्याला मात्र मी फोनच नेईन. जंगलात ठिकाणाची नोंद मला अधिक मोलाची वाटते.

कातळफूल (सातारा)

कास पठारावरच्या फुलांची नोंद ठेवणाऱ्यांसाठी थोडे लिहिते, कारण तिथे हे छोटे कॅमेरे अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. त्यांचा संवेदक तुरीच्या दाण्याएवढा असतो आणि लेन्सचे खरे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) सहा मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे अगदी जवळून काढले तरी फुलाचा पुढचा आणि मागचा भाग बराचसा स्पष्ट येतो. मोठ्या कॅमेऱ्याने तेवढ्याच अंतरावरून काढले तर एक पाकळी स्पष्ट येते आणि बाकी सगळे धूसर होते. जवळच्या छायाचित्रासाठी फुलाचे चिन्ह असलेली कळ दाबावी आणि झूम अजिबात करू नये. जवळ जाण्याची मुभा रुंद टोकालाच असते. संवेदनशीलता (आयएसओ) आपोआपवर न सोडता ८० किंवा १०० वर ठेवावी.

सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद ही सगळी फुले बोटाच्या पेराहून लहान असतात. त्यांच्यासाठी आडवे पडण्याचा मोह होतो, तो टाळावा. कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच आहे आणि एका माणसाच्या कोपराखाली पुढच्या वर्षीचे बी चिरडले जाते. पायवाटेवर उभे राहून, कॅमेऱ्याचा हात खाली करून, अंदाजाने तीन-चार छायाचित्रे घ्यावीत.

रोजनिशीसाठी एका वनस्पतीची तीन छायाचित्रे पुरतात: फूल, पान आणि ती कुठे उगवली आहे तो परिसर. वायतुऱ्याचे नुसते दोन फाट्यांचे फूल टिपले तर अर्धी ओळख राहून जाते. तो उथळ पाण्यात उभा असतो, ते पाणी छायाचित्रात हवे. याच वनस्पतीच्या शास्त्रीय नावात, अपोनोजेटॉन सातारेन्सिसमध्ये, आपल्या जिल्ह्याचे नाव आहे. आणि हरिपूरकर काकांनी तारखेविषयी जे लिहिले ते येथे फार महत्त्वाचे आहे. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. तारीख चुकलेले छायाचित्र सुंदर असले तरी पुढच्या बहराचा हिशेब करताना त्याचा काही उपयोग होत नाही.

माणदेशी (दहिवडी)

आपल्या जिल्ह्यात कॅमेऱ्याला दोन शत्रू आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तिकडे लेन्सच्या आत बुरशी धरते, इकडे लेन्सच्या नळीत फुफाटा शिरतो.

बाहेर येणारी आणि आत जाणारी लेन्स असली, की तिच्या कडेला चिकटलेली धूळ प्रत्येक वेळी आत ओढली जाते. म्हणून मी म्हसवडच्या यात्रेत किंवा मेंढरांच्या कळपामागे चालताना कॅमेरा सतत चालू-बंद करत नाही. सुती रुमालाऐवजी प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवतो आणि बंद करण्याआधी लेन्स खाली धरून रंगाच्या कोऱ्या कुंचल्याने नळीची कड झाडतो. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे कण जातात.

पावसाळ्यासाठी स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरेसे आहे. तांदळात ठेवण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नये. तांदळाची पूड सांध्यांत बसते. आणि कॅमेरा महिन्यातून एकदा तरी चालवावा, लेन्स आत-बाहेर होऊ द्यावी. वापरात असलेल्या वस्तूला बुरशी उशिरा धरते.

वेण्णाकाठ (सातारा)

हरिपूरकर काका, तारीख सापडली.

आज दुपारी मुलाने सगळी छायाचित्रे संगणकावर मोठी करून दाखवली. क्रमांक ००७१ मध्ये सासूबाई गडावर पारावर बसल्या आहेत आणि त्यांच्या उजव्या हातात घडी घातलेला कागद आहे, तो मी आजवर रुमाल समजत होते. ती देणगीची पावती आहे. घडीच्या वरच्या भागावर १७-१-०८ असे निळ्या शाईत लिहिलेले स्पष्ट वाचता येते. म्हणजे १७ जानेवारी २००८. त्या दिवशी गुरुवार होता आणि सासूबाई गुरुवारीच गडावर जात असत, त्यामुळे घरात कोणाला शंका उरली नाही.

वेळेसाठी तुम्ही सांगितल्याप्रमाणे सूर्यास्त शोधला. गडावरच्या धाब्याच्या मारुतीकडून काढलेले क्रमांक ००९४ चे छायाचित्र आहे, त्यात सूर्याची खालची कड डोंगरामागे गेलेली आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ तिथे १०:२२ दाखवते. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्यास्त सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो, म्हणून फरक सुमारे आठ तासांचा धरला. पडताळणीसाठी पंगतीचे छायाचित्र पाहिले. कॅमेऱ्याप्रमाणे ते ४:३५ चे आहे. आठ तास मिळवल्यावर दुपारचे साडेबारा वाजून गेलेले येतात आणि प्रसादाची वेळ बरोबर जुळते. पहिले छायाचित्र आमच्या अंगणातले, तेही सकाळी आठच्या सुमाराचे ठरते आणि त्यातली सावली लांब, पश्चिमेकडे पडलेली आहे. एकूण ३८१ दिवस आणि सुमारे ८ तास मिळवायचे आहेत. वहीत ४३ ओळी आजच लिहायला घेतल्या.

संधिप्रकाश (सातारा)

ताई, मनापासून आनंद झाला. आता आणखी एक गोष्ट पाहा. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ कॅननच्या पॉवरशॉट मालिकेतील अनेकांत, काढलेल्या छायाचित्राला एक मिनिटापर्यंतचे ध्वनिटिपण जोडण्याची सोय होती. ते वेगळ्या फायलीत जाते. तिच्या नावात छायाचित्राचाच क्रमांक असतो, सुरुवातीची अक्षरे तेवढी वेगळी असतात. फोनच्या किंवा संगणकाच्या चित्रदालनात ती दिसत नाही. कार्डावरचा डीसीआयएम नावाचा फोल्डर उघडून त्यातल्या सगळ्या फायलींची यादी पाहा.

वेण्णाकाठ (सातारा)

एक फाइल आहे. क्रमांक ००८८.

४१ सेकंदांची आहे. सुरुवातीला नुसता वारा आहे, गडावरचा. मग दिरांचा आवाज येतो, «आई, काहीतरी बोल ना ह्यात.» सासूबाई म्हणतात, «काय बोलू? ऐकणार कोण?» दीर म्हणतात, «आपणच ऐकायचं घरी गेल्यावर.» थोडा वेळ पुन्हा वारा. मग त्या बोलू लागतात. खाली उरमोडीचे पाणी दिसते आहे, त्या बाजूला आपल्या आत्याचे गाव होते, तिच्या घरी लहानपणी उसाचा रस पिऊन इथवर चालत आलो होतो, असे सांगतात. गावाचे नाव त्यांनी घेतले आहे. पण नेमका त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला आहे. शेवटी त्या «बास का एवढं?» असे विचारतात आणि टिपण संपते.

दिरांना फोन लावून ऐकवले. त्यांना हे टिपण केल्याचे अजिबात आठवत नव्हते. गावाचे नाव गडाच्या पायथ्याचे परळी नव्हे, एवढे त्यांना नक्की ठाऊक आहे. वहीत ००८८ समोर तारीख, संध्याकाळचे पावणेसहा आणि हे सगळे बोलणे जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. गावाची जागा मोकळी सोडली आहे.

येत्या गुरुवारी कॅमेरा घेऊन गडावर जाणार आहे. तिथून पाण्याच्या कडेची जी गावे दिसतात, त्या प्रत्येकाच्या शाळेची भिंत टिपून आणीन आणि दिरांना एकेक नाव वाचून दाखवीन.

हरिपूरकर (सांगली)

ताई, जाण्याआधी ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेवा आणि त्याच्या बाजूची छोटी कळ बंद स्थितीत सरकवा, म्हणजे त्यावर नवे काही लिहिले जाणार नाही. प्रवासासाठी २ जीबीचे दुसरे कार्ड घ्या. ध्वनीच्या फाइलच्या दोन प्रती करून एक दिरांकडे पुण्याला पाठवा. आणि ती फाइल चांगल्या हेडफोनवर, रात्री घरात सामसूम झाल्यावर, वाऱ्याच्या त्या जागी तीन-चार वेळा ऐका. नावाचे शेवटचे अक्षर बहुधा वाऱ्याच्या पुढे निघालेले असते.